कवनातलं नाव

“कवनाच्या शेवटच्या चौकात ते नाव घेऊ नको,” अप्पाराव म्हणाले. “बाकी काय गायचं ते गा. गाव तुझंच हाय.”

खंडोबाच्या देवळामागं, उभ्या बैलगाडीच्या आडोशाला मुंजाबा फेटा बांधत होता. त्याचे हात तिथंच थांबले. अप्पाराव म्हणजे गावातली शेवटची वेस. त्यांना ओलांडून काही गावात येत नसे आणि गावाबाहेर जात नसे.

“अप्पा, कवन रामकिसनदादाचं हाय. ज्याचं कवन त्याचं नाव शेवटी घ्यावंच लागतं. शाहिरांचा दंडकच हाय तो.”

“दंडक आम्हालाबी ठाव हाय. पन ‘भीमाचा लेक’ देवापुढं कशाला? पावसाळ्यात काय झालं ते तू ऐकलंसच. पोरं आजून तापलेली हायत. उद्या वस्तीकडं परत काय झालं, तर माझ्या नावानं बोंब मारायची नाय.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “तुझा बा पुढच्या रांगेत बसलाय बघ. म्हातारा पहाटंपासून जागा धरून हाय.”

एवढं बोलून अप्पाराव निघून गेले. धमकी दिली म्हणावं तर दिली नव्हती आणि नाही म्हणावं तर काही शिल्लकही ठेवलं नव्हतं.

ही १९७८ सालची चंपाषष्ठी. त्या पावसाळ्यात औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावंच्या गावं पेटली. पाचोडच्या अलीकडच्या या गावातही ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत घरं जळाली होती. कुणी जाळली ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

मुंजाबा याच गावातल्या कारभारी धनगराचा मुलगा. मेंढरांमागं हिंडताना ओव्या म्हणायचा. पुढं चिकलठाण्याला कारखाने आले, तसा शहरात गेला आणि प्रेसमशीनवर लागला. तिथल्या कामगारांचं एक कलापथक होतं आणि त्या कलापथकाचा जीव होता रामकिसन. कारखान्यात तो पॅकिंगच्या लाकडी पेट्या ठोकायचा. राहायला मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या वस्तीत. हा गडी कवनं रचायचा, वग लिहायचा, ढोलकी वाजवायचा आणि वेळ पडली तर राजा, कोतवाल, सावकार, विधवा, जे म्हणाल ते सोंग उभं करायचा. सोंग उतरलं की पुन्हा तोंडात खिळे धरून पेट्या ठोकायला मोकळा.

मुंजाबाला घडवलं ते त्यानं. मात्रा कशा मोजायच्या, श्वास कुठं चोरायचा, बाईचं काम करताना कंबर का हलवायची नाही, हे सगळं रामकिसननं कॅन्टीनच्या मागं बसून शिकवलं. “बाई कंबरंत नसती रं,” तो म्हणायचा. “बाई बघन्यात असती. आईकडं बघ घरी गेल्यावर.” कधी मुंजाबानं त्याचं एखादं कवन मागितलं, तर लगेच द्यायचा. अट एकच. “नाव मातर घेत जा. तेवढंच माझं.”

त्याचं सगळ्यात गाजलेलं कवन कारखान्याच्या भोंग्याचं होतं. गाव सोडून कारखान्यात आलेल्या माणसाचं.

*गाव म्हनं कुठं गेला, शहर म्हनं कोन आला,*
*मधल्यामंदी मानूस माझा लोखंडाचा गोळा झाला.*

हे मुंजाबाच्या तोंडी आलं की शिफ्ट सुटलेले लोक डबे हातात धरून उभे राहायचे. आणि शेवटचा चौक, म्हणजे कडवं, असा होता:

*रामकिसन सांगे भावा, मी भीमाचा लेक,*
*रंग घामाचा सांगा कुठला, मानूस सारा एक.*

आता या गावानं आपल्या पोराला जत्रेच्या हजेरीला बोलावलं होतं, म्हणजे भरदिवसा देवापुढं गायला. सांगावा आला तेव्हा मुंजाबा दोन दिवस हवेत होता. पोरगं मेंढरं सोडून नाच्या झालं, असं गावभर सांगत फिरलेला बाप आज पुढच्या रांगेत बसणार होता. मुंजाबाला बापाच्या तोंडून एक ‘बरं’ हवं होतं. जास्त नाही, एकच. त्यासाठी तो काहीही करायला तयार होता, आणि ही गोष्ट अप्पारावांसारख्या माणसाला बैलाच्या दातासारखी दिसते.

फेटा बांधून होईतो त्यानं मनाशी तोड काढली. भोंग्याचं कवन गायचं, पण शेवटच्या चौकाच्या आधीच थांबायचं. ध्रुपद घोळवायचं, मुजरा करायचा, संपलं. दुसऱ्याचं नावही घ्यायचं नाही, खोटंही बोलायचं नाही. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. फक्त हे रामकिसनला आधी सांगायला हवं होतं, कारण ढोलकीवर तो होता.

रामकिसन तेवढ्यात ओढ्यापलीकडून आला. वस्तीत चहा पिऊन आला होता. चेहरा उजळलेला.

“लोकं भेटली,” तो म्हणाला. “बिचाऱ्यांनी जळक्या वाशांवरच पत्रा टाकलाय. येत न्हवती जत्रंला. मी म्हनलं, चला, आज तुमच्या गावच्या देवळापुढं एक धनगराचं पोरगं ‘भीमाचा लेक’ म्हनून गानार हाय. लांब उभं ऱ्हा, पन कानानं ऐका.”

हीच वेळ होती सांगायची. पण कसं सांगणार? ‘दादा, तुमचं नाव गावाला चालत नाही,’ असं म्हणायचं? ज्यानं बोलायला शिकवलं त्यालाच? लाज वाटली, म्हणून तो गप्प बसला. नंतर त्याला पुष्कळदा वाटे की ती लाज गिळून दोन शब्द बोललो असतो, तर पुढची सगळी लाज वाचली असती.

“चला,” तो एवढंच म्हणाला.

हजेरी सुरू झाली. भंडाऱ्यानं देवळाची पायरी पिवळी झाली होती. पाचोडचा लाऊडस्पीकरवाला बद्रीनाथ टेपरेकॉर्डर घेऊन कर्ण्याखाली बसला होता. पुढच्या रांगेत कारभारी, खांद्यावर घोंगडी, मान ताठ. बायकांत सारजाबाई, मुंजाबाची आई. आणि कुस्तीच्या फडाच्याही पलीकडं, बाभळीखाली, वस्तीतली दहा-पंधरा माणसं उभी होती. जत्रेत असूनही जत्रेत नसल्यासारखी.

गण झाला, ओव्या झाल्या. मग पोरांनीच ओरडून भोंगा मागितला. मुंजाबाचा आवाज त्या दिवशी असा लागला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. एकेक चौक झाला. शेवटच्या चौकाआधी त्यानं ध्रुपद धरलं, दोनदा घोळवलं, आणि मुजऱ्यासाठी हात कपाळाकडं नेला.

पण रामकिसनला काय ठाऊक? त्यानं डोळे मिटून ढोलकीवर वळण घेतलं, शेवटच्या चौकाचं. ते वळण त्याचं खास होतं. नाव येणार म्हणून ढोलकी आधी दबायची, जरा थांबायची आणि जागा करून द्यायची. ती जागा आता रिकामी होती आणि सगळी जत्रा तिच्याकडं कान लावून होती. देवापुढं कवन अर्धं टाकत नाहीत. मुंजाबानं अप्पारावांकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडलं.

*मुंजाबा सांगे भावा, धनगराचा लेक…*

ठरवून केलं नव्हतं. पण ‘मुंजाबा’च्या सहा मात्रा आणि ‘रामकिसन’च्याही सहाच. शब्द जागेवर असा बसला की मुळात तिथंच होता असं वाटावं.

जत्रेनं एकच गिल्ला केला. भंडारा उधळला गेला. “वा रं वाघा!” अप्पाराव ओरडले. पोरांनी मुंजाबाला खांद्यावर घेतलं. म्हातारा कारभारी गर्दीतून वाट काढत आला, त्यानं लेकाच्या कपाळावर भंडारा लावला आणि म्हणाला, “नाव काढलंस लेका.”

हवं होतं त्याहून जास्त मिळालं. आणि खांद्यावरून मुंजाबाला दिसत होतं, बाभळीखालची माणसं ओढ्याकडं परत चालली होती. घाईनं नाही, रागानं नाही. बाजारात हवी ती वस्तू आली नाही की माणसं निघतात, तशी.

रामकिसनची ढोलकी एका मात्रेलाही चुकली नव्हती. त्यानं शेवटची तिहाई पुरी केली होती आणि मगच हात उचलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एस.टी.नं परतले. ढोलकी मांडीवर घेऊन रामकिसन खिडकीशी बसला होता. कलापथकातले बाकीचे गडी मागच्या बाकांवर झोपले होते. आडूळ मागं पडलं तेव्हा मुंजाबाच्यानं राहवलं नाही.

“दादा, वस्तीला तरास झाला असता. अप्पा म्हनले तसं. म्हनून मी…”

“मात्रा बरुबर बसली,” रामकिसन म्हणाला.

“दादा, शिव्या द्या.”

“शिव्या कशाला?” त्यानं ढोलकीची वादी उगाच ओढून पाहिली. “मला आधी बोलला असतास, तर मी ध्रुपदावरच ढोलकी मिटवली असती. गाडी तिथंच थांबली असती. नाव नसतं आलं, पन दुसरंबी आलं नसतं. एवढं झाकायला काय मी परका व्हतो?”

मुंजाबाला वाटलं, यापेक्षा त्यानं भर गाडीत कानफाटात मारली असती तर बरं झालं असतं.

ही गोष्ट तिथंच संपली असती, पण बद्रीनाथचा टेप चालू होता. त्याच्याकडं लग्नाची वरात असो की बारसं, ती कॅसेट लागे. तिच्यावरून दुसरी कॅसेट, दुसरीवरून तिसरी. वर्षभरात भोंग्याचं कवन पाचोडपासून फर्दापूरपर्यंत कर्ण्याकर्ण्यावर पोचलं आणि जिथं पोचलं तिथं ‘मुंजाबा सांगे’ म्हणूनच पोचलं. गावोगाव सुपाऱ्या येऊ लागल्या. लोक म्हणत, तो भोंगेवाला कवी आणा.

आणि मुंजाबा खरंच कवी झाला. हे खोटं नाही. त्यानं हुंड्यावर वग लिहिला, पाण्याच्या टँकरवर लिहिला, लॉटरीच्या नादी लागलेल्या हवालदारावर लिहिला. स्वतःच तो हवालदार झाला, स्वतःच त्याची सासू. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्याला बक्षिसं मिळाली. रेडिओवर आवाज आला. वाळूजला नवी वसाहत उभी राहिली तेव्हा तिथल्या गेटसभांनाही त्यालाच बोलावलं जाई. कवनं स्वतःची, पन्नासांहून जास्त, आणि त्यांतली काही तर रामकिसनच्या तोडीची. पण कार्यक्रम कुठलाही असो, शेवटी लोक मागत ते भोंगाच.

मागितलं की तो खरं नाव घेई. शहरात घेई, खेड्यात घेई. ‘रामकिसन सांगे’ म्हणून ओळ उचलली की समोरचे लोक कॅसेटमधली ओळ त्याच्यावर चढवत. हजारभर गळ्यांपुढं एका गळ्याचं काय चालणार? एकदा पैठणला त्यानं ओळ तीनदा घेतली. तिन्ही वेळा लोकांनी हसत हसत त्याचंच नाव त्याच्या तोंडावर फेकलं. त्यांना वाटलं, गडी विनयानं करतोय.

रामकिसन दोन वर्षं त्याच्याबरोबर ढोलकीवर बसला. मग बोटं आखडली म्हणाला आणि यायचा थांबला. पेट्या मात्र ठोकतच होता. त्याच बोटांनी. मुंजाबानं विचारलं नाही. नवीन कवन देणंही त्यानं बंद केलं, की रचणंच बंद केलं, तेही मुंजाबानं विचारलं नाही. कॅन्टीनमध्ये दिसला तर रामकिसन हातानं बाजूची जागा पुसून “बस” म्हणायचा. त्या ‘बस’च्या भीतीनं मुंजाबा हळूहळू दुसऱ्या वेळेला जेवायला जाऊ लागला.

नामांतराच्या सभांना मात्र तो जाई. मोर्च्यात चाले, गाई, एकदा लाठीही खाल्ली. लोक म्हणत, गावकीतला माणूस असून आमच्या बाजूनं उभा राहतो. त्याला ते ऐकवत नसे. आपण न्यायासाठी चालतोय की फेड म्हणून, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

मनातलं हे सगळं फक्त त्याच्या बायकोला, आशाबाईला ठाऊक होतं. ती बोलायला सडेतोड.

“एकदा चारचौघांत सांगून का टाकत नाय?” ती म्हणायची. “चोरी झाकायला जलम जातो. सांगायला एक दम पुरतो.”

“सांगीन.”

“कवा? रामकिसनभावजी वर गेल्यावर?”

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. सोळा वर्षांनी. मुकुंदवाडीच्या वस्तीत त्या महिन्यात रोज काही ना काही चालू होतं आणि एका रविवारी सकाळी, भोंगा कॅसेटवरच ऐकलेल्या तिथल्या पोरांनी सत्काराचा कार्यक्रम ठेवला. सत्कार मुंजाबाचा. कवी, नाटककार, कलावंत, आणि नामांतराच्या लढ्यातला साथी.

“आज,” घरातून निघताना आशाबाई म्हणाली. तेवढंच.

“आज,” मुंजाबाही म्हणाला. आणि त्यानं मनात वाक्यं जुळवली होती. पहिलं वाक्य: हे कवन माझं नाही, रामकिसनदादाचं आहे. दुसरं: जत्रेत बापासाठी आणि गावाच्या भीतीनं मी त्याचं नाव खाल्लं, माझं घातलं. दोनच वाक्यं. रस्ताभर तो ती घोकत होता.

विहारापुढं मांडव होता, निळ्या पताका होत्या. पुढं सतरंजीवर म्हातारी माणसं बसली होती आणि त्यांत रामकिसन होता. केस पार पांढरे, अंगात इस्त्रीचा सदरा. बायकांत त्याची बायको मनकर्णाबाई. मुंजाबाला पाहून रामकिसननं हात वर केला. रागाचा मागमूस नव्हता त्या चेहऱ्यावर. मुंजाबा सोळा वर्षं राग शोधत होता आणि तो माणूस काही त्याला राग देत नव्हता.

भाषणं झाली. मग भोंग्याची फर्माईश झाली. मुंजाबा उठला, माईकपाशी गेला, पण गायच्या आधी बोलला.

“मंडळी, हे कवन माझं नाय. ते रामकिसनदादाचं हाय. त्यांनीच रचलंय. आजपासून त्यांचंच नाव घेऊन गात जा.”

पहिलं वाक्य सुटलं. दुसरं वाक्य तोंडात आलं होतं. मुंजाबानं एक श्वास घेतला. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारा तरुण, वस्तीतल्याच शाळेतला मास्तर, भरून आलेल्या आवाजात माईकमध्ये बोलला.

“बघा! याला मोठेपणा म्हणतात! आपलं सगळ्यात गाजलेलं कवन, आयुष्याची कमाई, आजच्या दिवशी त्यांनी आपल्या रामकिसनबाबांच्या नावावर करून दिली! कुठला कवी करतो असं?”

टाळ्यांचा पाऊस पडला. माणसं उभी राहिली. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, “देवमानूस बाई, देवमानूस.”

“तसं नाय,” मुंजाबा म्हणाला. पण हे काही तो माईकमध्ये बोलला नाही. माईक अजून त्याच्या हातापाशीच होता, चार बोटांवर. मास्तरनं तो हिसकावला नव्हता, कुणी त्याचं तोंड दाबलं नव्हतं. त्यानं फक्त हात पुढं करायचा होता. टाळ्या ओसरायची तो वाट पाहत राहिला आणि टाळ्या ओसरू नयेत असं त्याला आतून वाटलं. ते त्याला स्वतःला स्पष्ट कळलं. जत्रेतल्या वेळी निदान विचार करायला उसंत नव्हती. आज भरपूर होती.

आशाबाई शेवटच्या रांगेत होती. तिनं मान खाली घातली. बायकांत मनकर्णाबाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते तिनं हलवले नाहीत.

“बाबा, उठा!” मास्तर रामकिसनला म्हणाला. “तुमच्या हातानं हार घाला. एवढं दिलंय त्यांनी तुम्हाला.”

कुणीतरी हार आणून रामकिसनच्या हातात दिला. गुडघ्यावर हात टेकत तो उठला. दोघांनी धरून त्याला पायरीवर चढवलं. तो मुंजाबापुढं येऊन उभा राहिला, हातात झेंडूचा जड हार.

“दादा,” मुंजाबा पुटपुटला, “मला सांगू द्या. सगळं सांगतो. तुम्ही हार घालू नका.”

रामकिसननं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. बोलायला वेळ हवा असेल तर घे, असं ते पाहणं होतं. मुंजाबानं माईककडं पाहिलं आणि नजर हारावर आणली.

“खाली वाक,” रामकिसन म्हणाला. “माझा हात पोचत नाय.”

मुंजाबा वाकला. हार गळ्यात पडला. एका बाजूनं तो सदऱ्याच्या कॉलरमध्ये अडकला होता, तो रामकिसननं आखडलेल्या बोटांनी सोडवून नीट केला. मग तो पायऱ्या उतरून सतरंजीवर आपल्या जागी जाऊन बसला, आणि सगळ्यांसारखा तोही टाळ्या वाजवू लागला.